खान्देशात उघड्यावर लग्न करताय? पाहुण्यांच्या सोयीबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे जळगाव जिल्ह्यात घरातली, भावकीतली, गल्लीतली मिळून बरीच लग्नं मी जवळून बघितलीत, काहींची तर सगळी धावपळ माझ्याच गळ्यात होती. त्यामुळे कुणाकडे लग्न निघालं की मला फोन येतो, आणि प्रश्न जवळपास तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी शेतातल्या, खळ्यातल्या, लॉन्समधल्या लग्नांबद्दलच बोलतेय, एसी हॉलवाल्यांना यातलं फार काही लागणार नाही.

आमच्याकडे मे मधलीच तारीख निघालीय. उघड्यावर लग्न करावं का नाही?

करता येतं, पण दुपारचं नको. जळगाव-भुसावळकडे मे मध्ये पारा 45 च्या पुढे जातो हे आपल्याला कुणी सांगायला नको. तरी लग्नं उन्हाळ्यातच होतात, कारण कापूस विकला गेलेला असतो, गहू-हरभरा घरात आलेला असतो, पोरांना सुट्ट्या असतात आणि आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, मुहूर्त चांगला मानतात. हे सगळं खरं आहे आणि ते बदलणार पण नाही. बदलता येते ती फक्त वेळ. सकाळी दहाच्या आत अक्षता, नाहीतर थेट गोरज मुहूर्त, मधलं सोडून द्या.

पण गुरुजींनी 12:35 चाच मुहूर्त काढून दिलाय, मग?

गुरुजींना लवकर भेटा, पत्रिका छापायच्या आधी, आणि स्पष्ट विचारा की त्याच दिवशी सकाळचा किंवा संध्याकाळचा मुहूर्त आहे का. बहुतेक वेळा निघतो, आपण विचारतच नाही. एक गोष्ट लक्षात घ्या, मे च्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, त्याला शून्य सावली म्हणतात. म्हणजे त्या वेळेला भिंतीची सावली नाही, कनातीची नाही, झाडाची असेल तर फक्त खोडाभोवती तेवढीच. जी काही सावली मिळणार ती तुमच्या मांडवाच्या छतातूनच, आणि नेमकं तेव्हाच आपण हजार माणसं मांडवात उभी करतो.

आणि खरा त्रास मुहूर्ताच्या वेळेपेक्षा उशिराचा आहे हे मी हात जोडून सांगते. पत्रिकेत 12:35 असतं आणि नवरदेव पारावरून निघतोच दीडला, मग वाजत-नाचत मांडवात यायला अडीच, मग सत्कार, मग टॉवेल-टोप्या, मग नेत्यांची भाषणं. तेवढा वेळ गावोगावहून आलेली माणसं काय करतात? उपाशी बसून असतात. माझ्या आत्येभावाच्या लग्नात मी समोर बघितलंय, आमची माई, वय 78, नऊवारीचा पदर पाण्यात भिजवून डोक्यावर घेऊन बसलेली, आणि तो पदर दहा मिनिटांत कोरडा व्हायचा, ती परत भिजवायची. बोलली काहीच नाही. त्या दिवशी कूलर होते, मठ्ठा होता, डेकोरेशनला चिक्कार पैसा घातलेला होता, पण लग्न दोन तास दहा मिनिटं उशिरा लागलं. तुम्ही बाकी काहीच केलं नाही आणि वेळ पाळली तरी अर्धी सोय झाली असं समजा. मिरवणूक किती वाजता निघणार आणि किती वाजता मांडवात पोचणार हे नवरदेवाच्या मित्रांशी आधी बोला, आईबापाचं ते ऐकत नाहीत, त्यांच्यातल्याच एकाला जबाबदारी द्या. सत्कार ठेवायचेच असतील तर जेवणं सुरू झाल्यावर ठेवा.

गोरज मुहूर्त ठेवला तर अंधार पडत नाही का? लांबच्या पाहुण्यांचं काय?

मे च्या मध्याला आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. म्हणजे पावणेसातचं लग्न लागून साडेसातला पहिली पंगत बसू शकते, नऊला लांबचा माणूस गाडीत बसलेला असतो. फक्त एक, संध्याकाळचं लग्न म्हणजे लोकांना पाचलाच या म्हणू नका. सहा म्हणा. पाचचं ऊन पण ऊनच असतं आपल्याकडे.

मांडवाचं छत कशाचं घ्यावं? मांडववाला म्हणतो जर्मन हँगर (धातूच्या सांगाड्याचा मोठा तंबू) घ्या, लूक भारी येतो.

लूक येतो, पण त्याचं छत प्लॅस्टिकचं असतं, बाजू बंद केल्या की आत उष्णता कोंडते. एसी लावणार असाल तरच घ्या. साध्या लग्नाला मला अजूनही दुहेरी छत आवडतं, वर हिरवी शेडनेट, खाली हात-दीड हात मोकळी जागा सोडून पांढरं किंवा फिक्कं कापड. मधल्या फटीतून वारा खेळतो आणि ऊन दोनदा गाळून येतं. शेडनेट आपल्याकडे शेतकऱ्यांकडेच मिळते, रोपवाटिकावाला ओळखीचा असेल तर भाड्यानेसुद्धा. उंची कमीत कमी 12 फूट, कमी असली की माणसांचीच वाफ डोक्यावर साचते. गडद लाल, मरून, जांभळं कापड फोटोत छान दिसत असेल पण त्याखाली बसून बघा एकदा.

संध्याकाळच्या लग्नाला छतापेक्षा पश्चिमेची बाजू महत्त्वाची. चारनंतर ऊन तिरपं येतं, सरळ तोंडावर. त्या बाजूला कनात दुहेरी करा आणि स्टेज उत्तरेला किंवा दक्षिणेला घ्या, म्हणजे बसलेल्यांच्याही डोळ्यात ऊन नाही आणि नवरा-नवरीच्याही नाही.

जुन्या लोकांनी मांडवडहाळ्याला आंबा, जांभूळ, उंबराच्या फांद्या गाडीत घालून वाजत-गाजत आणायची रीत ठेवली. आता एकच फांदी खांबाला बांधतात. शेतातलं लग्न असेल तर थोड्या जास्त आणा, ओल्या पानांखाली खरंच गार वाटतं.

कूलर किती लागतील?

आकडा मी सांगत नाही कारण मांडव किती उघडा आहे त्यावर आहे, पण कूलर कसा चालतो ते समजून घ्या म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत. कूलर पाणी वाफ करून हवा गार करतो, म्हणून हवा कोरडी असेल तेव्हाच तो चालतो. आपल्या एप्रिल-मे च्या कोरड्या हवेत तो झकास चालतो, जूनमध्ये आभाळ भरून आलं की तोच कूलर चिकचिक वाढवतो, तेव्हा नुसते मोठे पंखे बरे. दुसरं, कूलरच्या मागे मोकळी हवा पाहिजे आणि समोरून हवा बाहेर जायला वाट पाहिजे. सगळीकडून कनात बांधून मध्ये चार जम्बो कूलर ठेवले तर अर्ध्या तासात आत दमट होतं आणि लोक म्हणतात कूलर खराब आहेत. कूलर मांडवाच्या कडेला, तोंड आत, पाठ बाहेर. आणि पाणी भरायला एक पोरगा नेमा, त्याला दुसरं काम सांगू नका. मी बघितलेल्या लग्नांत निम्म्या वेळेला कूलर ऐन अक्षतांच्या वेळी कोरडे पडलेले होते, भरणारा कुणीच नसतो.

जनरेटर मांडवापासून लांब, आवाज आणि धूर दोन्हीसाठी. कूलर आणि सांडलेलं पाणी एकाच जागी असतं, म्हणून वायरी जमिनीवरून लोळू देऊ नका आणि अर्थिंग तपासून घ्या. लोखंडी खांबाला लहान पोरं लटकतात.

पिण्याचं पाणी किती धरायचं?

उन्हाळ्यात माणशी 3 लिटर. 500 माणसं असतील तर 1500 लिटर, म्हणजे 20 लिटरचे 75 जार. जास्त वाटतं पण धरा, उरलं तर भांडी घासायला जातं. हात धुवायचं, स्वयंपाकाचं, संडासचं पाणी वेगळं, त्याला टँकरच सांगा, आणि बोअरच्या भरवशावर राहू नका कारण लाईट गेली की बोअर पण गेला.

पाणी एकाच कोपऱ्यात ठेवू नका. मांडवात शिरताना, बायकांच्या बाजूला, पुरुषांच्या बाजूला, जेवणाजवळ आणि जिथे गाड्या लागतात तिथे, अशा पाच जागा तरी. म्हातारं माणूस उठून पाणी शोधत नाही, लाजतं, तहानेनं बसून राहतं. म्हणून चार पोरं-पोरी जग आणि ग्लास घेऊन फिरती ठेवा. मिरवणुकीसोबत पण पाण्याचा एक छोटा हत्ती टेम्पो, नाचणारे आणि बँडवाले दोघांसाठी. बँडवाल्यांना पाणी विचारायचं आपण कायम विसरतो, ती माणसं भर उन्हात जाड कोट घालून वाजवत असतात.

बर्फ टाकावा का पाण्यात?

खाण्याचा असेल तरच. कारखान्यात, मासळीला वापरतात तो बर्फ खाण्याचा नसतो, आणि ओळखता यावा म्हणून महाराष्ट्रात 2018 पासून त्यात निळा रंग घालायचा नियम आहे. निळसर लादी आली तर परत पाठवा. पांढरी असली तरी गोणपाटात गुंडाळून, लाकडाच्या भुशात ठेवून आणलेली लादी पाण्यात सोडू नका, ती पिपाच्या बाहेरून लावा. माठ आणि रांजण ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले तर बर्फाची फार गरज पडत नाही.

उन्हाळ्यात मेनू काय ठेवावा? आमच्याकडे वरण-बट्टीशिवाय लग्न होत नाही.

मग वरण-बट्टीच ठेवा, तिच्याशिवाय लोकांना जेवल्यासारखं वाटणार नाही, घोटलेली वांग्याची भाजी पण हवीच. फक्त बट्टी-तूप जड होतं आणि तहान लावतं, म्हणून सोबत पातळ ताक भरपूर, आणि गोडाला एकच पदार्थ. बुंदी किंवा जिलेबी, असं उन्हाला न घाबरणारं काहीतरी. बासुंदी, रबडी, रसमलाई, खव्याची मिठाई हे मे मध्ये उघड्यावर ठेवू नका. एवढ्या उन्हात शिजवलेलं किंवा दुधाचं काहीही तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिलं की धोका सुरू होतो, आणि गावचं लग्न म्हटलं की स्वयंपाक पहाटे चारला झालेला असतो आणि शेवटची पंगत चारला, ते पण संध्याकाळी. आचाऱ्याला सांगा की दोन किंवा तीन घाण्यांमध्ये कर. भट्टी दोनदा पेटवायला तो कुरकुर करेल, शंभर-दोनशे रुपये जास्त द्या.

आमरस असेल तर त्यात दूध घालू नका, आंबे गार पाण्यात ठेवून पंगतीच्या आधी रस काढा, आणि रसाचं पातेलं बर्फाच्या परातीत उभं करा. आल्या-आल्या चहा विचारण्यापेक्षा कैरीचं पन्हं द्या. मठ्ठा सकाळी घुसळलेला दुपारपर्यंत आंबतो, दही गार ठेवून थोडा थोडा घुसळा.

पंगत का बुफे?

मला विचाराल तर उघड्यावर पंगत, आणि ती पण केळीच्या पानावर. रावेर-यावलच्या बाजूला पानांना काय तोटा. बुफेत माणूस उन्हात प्लेट धरून रांगेत उभा राहतो, गुडघे दुखणाऱ्यांचे तर हाल. पण पंगत जमिनीवरच नको, निम्म्या टेबल-खुर्च्या, निम्मी खाली बसणारी, ज्याला जसं झेपेल तसं. पानाच्या कडेला छोटा दगड किंवा वाटी ठेवा, नाहीतर वाऱ्यानं पान उलटतं आणि वरण साडीवर.

म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या, गरोदर बायका यांच्यासाठी वेगळं काय करायचं?

एक खोली. बस एवढंच, पण खरी खोली, भिंती आणि छप्पर असलेली, आत गादी, कूलर, पाण्याचा माठ, आणि दाराला आतून कडी. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो ना, तसं समजा. लॉन्समध्ये वर-वधूला दोन दोन एसी खोल्या देतात आणि बाळाला पाजायला बाई गाडीत जाऊन बसते, हे मला फार लागतं. शेतातलं लग्न असेल तर शेजारच्या घरची एक खोली मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. आणि पाटी लावा, नाहीतर तिथे आहेराची भांडी येऊन पडतात.

म्हाताऱ्यांना पुढच्या रांगेत बसवतात तिथेच स्पीकर असतो. त्यांची जागा मधल्या रांगांत, पंख्याखाली, आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीला हात पाहिजेत, उठताना आधार लागतो. खुर्च्या उन्हात रचून ठेवू नका, तापलेल्या खुर्चीवर एकदा बसलं की कळतं.

कुणाला ऊन लागलं तर काय करायचं?

चक्कर, डोकं दुखणं, मळमळ, खूप घाम असं असेल तर सावलीत झोपवा, पाय थोडे उंच, कपडे सैल, वारा घाला, आणि शुद्धीवर असेल तर ओआरएस घोट घोट द्या. पाकीट नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. पण अंग भट्टीसारखं तापलंय आणि माणूस बरळतोय, ओळखत नाहीये किंवा पडलाय, तर तो उष्माघात आहे, तिथे घरगुती उपाय करत बसू नका. 108 ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मानेला, काखेत, जांघेत बर्फाचं फडकं ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. कांदा खिशात ठेवतात आपल्याकडे, ठेवा, पण कांद्याच्या भरवशावर पाणी प्यायचं सोडू नका.

लग्नाच्या दिवशी गावातल्या एका डॉक्टरला आणि एका रिकाम्या गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा. गाडी सगळ्यात बाहेरच्या बाजूला लावलेली पाहिजे, आत अडकलेली नाही.

बायकांच्या संडासची सोय किती करावी?

पुरुषांपेक्षा जास्त, हे आधी पक्कं करा. माझा हिशोब साधा आहे, 50 बायकांमागे एक. भाड्याचे मिळतात. पण नुसते उभे करून होत नाही. कडी लागते का, आत बल्ब आहे का, बादली-मग आहे का, साडी अडकवायला खिळा आहे का, कचऱ्याचा झाकणाचा डबा आहे का, आणि तिथपर्यंत जायच्या वाटेवर उजेड आहे का. लग्नात पाणी कमी पिणाऱ्या बायका मी कितीतरी बघितल्यात, कारण जायची सोय नसते. म्हणजे तुम्ही 75 जार आणले तरी उपयोग नाही.

वादळ आलं तर? अवकाळीचं काही सांगता येत नाही आता.

हे मी अनुभवातून सांगते. माझ्या नणंदेच्या हळदीला संध्याकाळी पाचच्या सुमाराला पश्चिमेकडून धूळ उठली, आणि पाच मिनिटांत मांडवाची एक बाजू फुग्यासारखी वर गेली. खांब नुसते मातीत टेकवलेले होते, मांडववाल्यानं एकही ताण दोरी खुंटीला नीट बांधली नव्हती. नशीब की तिथे कुणी बसलेलं नव्हतं. नंतर पाऊस झाला, काळी जमीन, चप्पल उचलेना, आणि सगळी हळद आम्ही शेजारच्या गोडाऊनमध्ये केळीच्या कॅरेटवर बसून उरकली.

आपल्याकडे मे-जूनच्या याच वाऱ्यानं केळीचे बाग आडवे होतात, मग मांडवाचं काय घेऊन बसलात. म्हणून आदल्या दिवशी स्वतः फिरून प्रत्येक दोरी हातानं ओढून बघा. कनातीला वरच्या बाजूला फट ठेवा, वारा आरपार गेला पाहिजे. छताला उतार पाहिजे, नाहीतर पाणी साचून फुगा खाली येतो. जमीन काळी असेल तर येण्या-जाण्याच्या वाटेवर मुरूम टाकून घ्या. आणि एक पक्की जागा आधीच ठरवा, शाळा, समाजमंदिर, गोडाऊन काहीही, किल्ली कुणाकडे आहे त्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये. विजा चमकायला लागल्या की लोकांना झाडाखाली किंवा लोखंडी खांबाजवळ उभं राहू देऊ नका, पक्क्या इमारतीत नाहीतर बंद गाडीत.

मग हिवाळ्यातच करावं ना?

जमत असेल तर नक्की करा. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, आणि डिसेंबर-जानेवारीत भरताची वांगी असतात, भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या ठेवा, लोक मेनू वर्षभर आठवतील. पण थंडीला हलकं घेऊ नका, धुळे-नंदुरबारकडे रात्री चांगलीच कडाक्याची असते आणि सूर्य सहाच्या सुमारासच मावळतो. रात्रीचं लग्न असेल तर जेवण आठच्या आत, हात धुवायला कोमट पाणी, आणि मुक्कामाच्या पाहुण्यांना मोजून नाही तर चार-पाच जास्तीच्या रजया. शेकोटी करा पण मांडवापासून लांब आणि तिच्याजवळ एक मोठं माणूस बसवा, सिंथेटिक साड्या आणि ओढण्या पटकन पेट घेतात.

सुरतहून बरेच पाहुणे आहेत आमचे. त्यांची काय काळजी घ्यावी?

सुरत-भुसावळ लाईनवरची गाडी धरून येतात ना, मग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर जे जवळचं स्टेशन असेल तिथे माणूस आणि गाडी पाठवा. ते लोक रात्रभर किंवा पहाटेपासून प्रवासात असतात, आल्याबरोबर मांडवात बसवू नका. आंघोळीची, कपडे बदलायची जागा द्या, पोहे-चहा द्या. परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारून त्यांना पहिल्या पंगतीत बसवा. माझ्या सासऱ्यांना, बापूंना हे फार होतं, ते स्वतः लांबच्या पाहुण्यांची यादी खिशात घेऊन फिरायचे आणि एकेकाला हाताला धरून पंगतीत नेऊन बसवायचे.

डीजे लावावा का?

रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकरला बंदी आहे, तेवढं तरी पाळा. दिवसा लावाल तर भोंगे पाहुण्यांच्या अंगावर नको, आणि तान्ह्या बाळांना तिथून लांब ठेवा. आमच्याकडे सनई-संबळ लावली होती एका लग्नात, म्हातारी माणसं खूश होती.

झाडाखाली मांडव घातला तर चालेल का?

चालेल, सावलीसाठी उत्तमच, पण आधी मान वर करून बघा. पिंपळ, वड, चिंच यांच्यावर आग्या मोहोळ असतं. आचाऱ्याच्या भट्टीचा धूर किंवा फटाके लागले की ते उठतं, आणि मग मांडवात पळायला जागा नसते. मोहोळ असेल तर जागा बदला, स्वतः काठी-मशाल घेऊन काढायला जाऊ नका. भट्टी कुठे घ्यायची हे ठरवायला आदल्या दिवशी लग्नाच्याच वेळेला तिथे थोडा पाला पेटवून धूर कुठे जातो ते बघा, हा साधा उपाय आहे आणि कुणी करत नाही. शेतात असेल तर गवत आठ दिवस आधी कापून घ्या, साप-विंचू असतात.

गाड्या हायवेच्या पलीकडे लावाव्या लागतायत.

तर रस्ता ओलांडायला दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसं, हातात टॉर्च आणि शिट्टी, शेवटचा पाहुणा जाईपर्यंत. शक्य असेल तर गाड्या हायवेला लावूच नका, शेजारचं रिकामं शेत मागा. यात पैसे वाचवू नका.

बजेट कमी आहे, यातलं काय सोडता येईल?

फुलांची कमान, सेल्फी पॉइंट, नवरीच्या एंट्रीचा धूर, ड्रोन, गोडाचे चार प्रकार. छत, पाणी, संडास आणि ती एक खोली सोडू नका.

पत्रिकेत काय लिहावं म्हणजे लोक वेळेवर येतील?

खरी वेळ लिहा. लोक उशिरा येतात कारण त्यांना माहीत असतं लग्न उशिरा लागतं. खाली एक ओळ टाका, "लग्न ठरलेल्या वेळेलाच लागेल, पहिली पंगत साडेसातला", आणि मग खरंच लावा, नवरदेवाचा मामा यायचा असेल तरी. माझ्या पुतणीच्या लग्नात आम्ही असंच केलं, 6:50 म्हणजे 6:50, आणि शंभर-दीडशे लोक अक्षता पडल्यावर धापा टाकत आले, दोन-तीन जण रुसले पण. त्यानंतर त्याच घरात धाकटीचं लग्न निघालं तेव्हा साडेसहालाच मांडव गच्च भरलेला होता.